बहिणाबाईंचा बस फॅक्टर

आमच्या धंद्यात 'बस फॅक्टर' नावाचा एक भीषण शब्द आहे. प्रोजेक्टमधली किती माणसं उद्या सकाळी बसखाली आली तर प्रोजेक्ट बंद पडेल, तो आकडा म्हणजे बस फॅक्टर. आकडा एक असेल तर मॅनेजरची झोप उडायला हवी. (उडत नाही, ती गोष्ट वेगळी.) सगळं ज्ञान एकाच माणसाच्या डोक्यात, डॉक्युमेंटेशनच्या नावाने शून्य, आणि तो माणूस नोटीस पिरियडवर! मग सुरू होतो 'केटी' नावाचा सोहळा. दहा वर्षांचं डोकं दोन आठवड्यांत दुसऱ्याच्या डोक्यात ओतायचं. ओतताना निम्मं सांडतं, ते कुणाच्या लक्षात येत नाही, कारण काय सांडलं हे माहीत असलेला माणूस एव्हाना दुसऱ्या कंपनीत रुजू झालेला असतो.

मराठी कवितेतला सगळ्यात मोठा केटी कुठला, असं मला कुणी विचारलं (कुणी विचारत नाही, म्हणून ब्लॉग लिहावा लागतो), तर मी सांगेन, जळगावचा. बहिणाबाई चौधरींची गाणी. लिहिता-वाचता न येणारी बाई, तोंडातून येणारी गाणी, आणि घरातल्याच दोघांनी धरलेली वही. ती वही नसती तर बस फॅक्टर एक होता. ३ डिसेंबर १९५१ ला तो शून्य झाला असता आणि विषय संपला असता. शाळेच्या पुस्तकात कविता नाही, लग्नात सुनावलेल्या ओळी नाहीत, विद्यापीठाला नाव नाही. काहीच नाही. आणि काही गेलंय हे आपल्याला कळलंही नसतं.

आता तुम्ही म्हणाल, हे काय नवीन सांगितलंस? सगळ्यांना माहीत आहे. बरोबर. पण ही गोष्ट आपण ज्या पद्धतीने सांगतो ना, त्या पद्धतीशी माझं भांडण आहे.

आपली नेहमीची गोष्ट अशी. एक अडाणी शेतकरीण होती. तिला सरस्वती प्रसन्न होती. ती दळता दळता गायची. मुलगा कवी निघाला, त्याने लिहून ठेवलं. ती गेल्यावर आचार्य अत्र्यांनी वही पाहिली, ते थक्क झाले, ही गाणी लोकांपासून लपवणं हा गुन्हा आहे असं त्यांनी मुलाला सुनावलं, आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' अत्र्यांच्या प्रस्तावनेसह छापून आली. टाळ्या. भाषण असेल तर इथे वक्ता एक पॉज घेतो आणि म्हणतो, "शाळेचं तोंडही न पाहिलेली ही बाई..."

ह्या 'शाळेचं तोंडही न पाहिलेली'मध्ये जो कौतुकाचा सूर आहे, तो मला खटकतो. जणू काही शाळेत न जाणं हा त्यांच्या प्रतिभेचा भाग होता. गेल्या असत्या तर बिघडल्या असत्या.

तारखा लावून बघू. इंजिनियर माणूस, आधी टाइमलाइन काढतो. पुण्यात भिडे वाड्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती १८४८ साली. सावित्रीबाईंचं 'काव्यफुले' छापून आलं १८५४ साली. म्हणजे मराठी बाईच्या कवितांचं छापील पुस्तक हातात घेता येत होतं, त्यानंतर सव्वीस वर्षांनी, २४ ऑगस्ट १८८० ला, नागपंचमीच्या दिवशी, जळगावजवळच्या असोद्याला महाजनांच्या घरी बहिणाबाई जन्मल्या. खाऊन-पिऊन सुखी शेतकऱ्याचं घर. उखाजी महाजन वडील, भिमाबाई आई, तीन भाऊ, तीन बहिणी. तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी चौधरींशी लग्न. तिशीत वैधव्य. पदरात ओंकार, सोपान आणि काशी ही तीन लेकरं. थोरल्या ओंकारला प्लेगने कायमचं अपंग केलं. दुष्काळ, प्लेग, घरातल्या वाटण्या, शेतीची ओढाताण, हे सगळं एकाच बाईच्या डोक्यावर.

बत्तीस वर्षांत पुण्याची शाळा असोद्याच्या मुलीपर्यंत पोचली नाही, एवढाच ह्या 'निरक्षर असूनही'चा अर्थ आहे. त्यात चमत्कार काही नाही. आणि किंमत कुणी मोजली? बहिणाबाईंनी. सोपानदेव चौधरी जन्मले १९०७ साली. मुलगा शिकून, त्याला कविता म्हणजे काय हे कळून, त्याने हातात वही घेईपर्यंत बहिणाबाईंचं निम्मं आयुष्य होऊन गेलं होतं. पहाटे जात्यावर एखादी ओळ सुचली आणि ती लिहून ठेवावीशी वाटली, तर त्यांनी काय करायचं? लेक घरी येईपर्यंत ती तोंडात घोळवत राहायची. तोवर शेण काढायचं, भाकरी थापायच्या, शेतात जायचं. माझ्यासारखा माणूस मीटिंगमधून डेस्कपर्यंत येईतो सुचलेला व्हेरिएबलचा नाव विसरतो.

म्हणून 'त्या निरक्षर होत्या, किती ग्रेट!' असं म्हणण्यापेक्षा 'त्यांना निरक्षर ठेवलं, किती गेलं!' असं म्हणावं, एवढंच माझं म्हणणं. गाणी तेवढीच ग्रेट राहतात. काळजी नसावी.

बरं, कागदाशी बहिणाबाईंचं काही देणंघेणं नव्हतं असंही नाही. जळगावात नानाजींचा छापखाना होता, त्यावर त्यांचं एक आख्खं गाणं आहे! मला हे गाणं पहिल्यांदा वाचलं तेव्हा उडायला झालं होतं. घरोटं, सुगरणीचा खोपा, मोट, पेरणी, हे सगळं आपण त्यांच्याकडून गृहीत धरतो. पण मशीन? धडधडणारं छपाई यंत्र, त्यातून बाहेर येणारा कागद, हे त्या बाईने उभं राहून पाहिलं, त्यावर विचार केला, आणि कोऱ्या कागदाचं छापल्यावर काय होतं आणि माणसाचं काय होतं ह्याची तुलना करून मोकळी झाली. वाचता येत नसलेल्या बाईने छापलेल्या कागदावर केलेला विचार आहे तो. आपल्यापैकी किती जणांनी सर्व्हरवर कविता केलीय, सांगा. तर, कागद म्हणजे काय हे त्यांना नेमकं कळत होतं. फक्त तो त्यांच्या हातात नव्हता.

आता येऊ वहीकडे. कारण साहित्याच्या अभ्यासात एखाद्या कवीचे 'कागद' म्हणजे मोठी गोष्ट असते. हस्तलिखितं, खोडलेल्या ओळी, पत्रं, रोजनिशी. कवी गेल्यावर हे कागद कुणाकडे जातात, त्यावर पुढची शंभर वर्षं कवीचं काय होणार ते ठरतं. बहिणाबाईंचे कागद म्हणजे दुसऱ्यांच्या अक्षरातली वही. जळगावच्या चौधरी वाड्यातलं त्यांचं घर स्मारक म्हणून जपलंय, तिथे शेतीची अवजारं आहेत, स्वयंपाकाची भांडीकुंडी आहेत. एका कवयित्रीच्या स्मारकात दौत-टाक नसून विळा-पाभर असावी, ह्यातच सगळं आलं.

वही धरणारे हात दोन माणसांचे. एक सोपानदेव, ते स्वतः नावाजलेले कवी. आणि दुसरे पितांबर चौधरी, नात्याने मावसभाऊ. सोपानदेवांचं नाव सगळ्यांना माहीत असतं. पितांबर चौधरींचं नाव एखाद्या लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात एका ओळीत येतं आणि जातं. ओपन सोर्सवाल्यांना हे दुःख लगेच कळेल. ज्याने पहिला पॅच टाकला त्याचं नाव 'इतर' मध्ये!

एक हकीकत सोपानदेवांमुळे आपल्यापर्यंत आली आहे. शाळेच्या पुस्तकातली सावित्री-सत्यवानाची गोष्ट त्यांनी आईला वाचून दाखवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आईचं त्या गोष्टीवर गाणं तयार! ही हकीकत नेहमी बहिणाबाईंच्या प्रतिभेचा पुरावा म्हणून सांगतात. आहेच. पण त्यात वाहतूक दोन्ही बाजूंनी चालू आहे हे बघा ना. मुलगा छापील मजकूर आईला वाचून देतोय, आई त्याचं गाणं करून परत देतेय, मुलगा ते पुन्हा कागदावर उतरवतोय. आई-मुलाचं हे असं चालू असणार, वर्षानुवर्षं. सरस्वतीचा वरदहस्त वगैरे ठीक आहे, पण संध्याकाळी कंदिलाजवळ बसून कुणीतरी "थांब, पुन्हा म्हण" म्हणतंय, हे काम आहे. कष्टाचं, कंटाळवाणं, कौतुक न होणारं काम.

आपल्या परंपरेला हे काम दिसतच नाही असं नाही, पण ती त्याचं लगेच काहीतरी दिव्य करून टाकते. जनाबाईंची दंतकथा आठवा. जनी दळते, कांडते आणि अभंग म्हणते, तर लिहून कोण घेतं? खुद्द विठ्ठल! लहानपणी ऐकली तेव्हा भक्तीची गोष्ट म्हणून आवडली होती. आता वाचताना वाटतं, की दासीचे अभंग लिहून घ्यायला माणसांपैकी कुणी बसेल, ह्यावर सांगणाऱ्यांचा स्वतःचाच विश्वास नसावा. देवालाच बोलवावं लागलं. त्या हिशोबाने बहिणाबाई नशीबवान. त्यांना घरातली माणसं मिळाली. (आणि हो, तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाई वेगळ्या, सतराव्या शतकातल्या. दरवर्षी कुणीतरी फॉरवर्डमध्ये दोघींची खिचडी करतंच.)

ह्या दोघांनी सगळ्यात मोठं काम कुठलं केलं, तर जे केलं नाही ते. त्यांनी भाषा 'शुद्ध' केली नाही.

विचार करा. सोपानदेव शिकलेले, छंद-वृत्त जाणणारे, पुस्तकी मराठीत कविता लिहिणारे. तो काळ असा की छापील मराठी म्हणजे पुण्याची मराठी. आईची भाषा लेवा गणबोली. तिथे 'ळ' चा 'य' होतो. डोळ्याचा डोया, शाळेची शाया. जळगावसुद्धा जयगाव. शब्दांची ठेवण वेगळी, क्रियापदं वेगळी. लाज वाटायला सगळी परिस्थिती अनुकूल होती. माझ्या पिढीत खानदेशातून पुण्याला आलेली पोरं पहिल्या महिन्यात 'ळ' घोटून पाठ करतात, हे मी हॉस्टेलमध्ये बघितलंय. सोपानदेवांना एका रात्रीत सगळं डोया-शाया सरळ करून, 'आईच्या भावना, माझे शब्द' असं म्हणून छान गुळगुळीत पुस्तक काढता आलं असतं. लोकांनी तेही डोक्यावर घेतलं असतं कदाचित. पण पुस्तकात बोली राहिली. आणि अत्र्यांसारख्या सासवडच्या, शहरी मराठी गाजवणाऱ्या माणसानेही ती आहे तशी लोकांपुढे ठेवली.

नाहीतर काय होतं ह्याचं उदाहरण बघायला अमेरिकेत जावं लागेल, थोडंसंच. एमिली डिकिन्सन. मॅसॅच्युसेट्समधल्या अॅमहर्स्ट गावात आख्खं आयुष्य काढलेली बाई. १८८६ साली गेली, तेव्हा तिच्या बहिणीला खोलीत कवितांचे गठ्ठे सापडले. सगळ्या मिळून जवळजवळ अठराशे कविता, त्यातल्या जिवंतपणी छापलेल्या जेमतेम दहा. १८९० साली पहिलं पुस्तक आलं तेव्हा संपादकांनी तिची सगळीकडे पेरलेली आडवी रेघ काढून टाकली, यमकं सरळ केली, तिने न दिलेली शीर्षकं दिली. चांगल्या हेतूने हं! लोकांना कळावं म्हणून! तिने लिहिलं होतं तसं सगळं एकत्र छापायला १९५५ साल उजाडलं. पासष्ट वर्षं लोक 'क्लीन-अप' केलेली आवृत्ती वाचत होते. तरी डिकिन्सनच्या बाबतीत परत जाता आलं, कारण तिच्या हातचे कागद होते. २०१३ पासून ती हस्तलिखितं कुणालाही नेटवर बघता येतात. आपल्या भाषेत सांगायचं तर बायनरी बिघडलं, पण सोर्स कोड शाबूत होता.

बहिणाबाईंच्या बाबतीत सोर्स म्हणजे आवाज. तो गेला. वही हीच सगळ्यात मागची जागा, तिच्या मागे जायला रस्ता नाही. एखाद्या ओळीत बोली आहे आणि शेजारच्या ओळीत प्रमाण मराठी डोकावते, तर ती बहिणाबाईंची लकब की लिहिणाऱ्याची सवय? एखादं गाणं त्यांनी दहा वेळा दहा तऱ्हेने म्हटलं असेल, तर वहीत कुठली आली? लोकगीताच्या जगात एक 'फायनल' आवृत्ती नावाचा प्रकार नसतोच. वही मात्र एकच घेते आणि बाकीच्या नऊ पुसून टाकते.

आणि चाल? वहीत चाल उतरत नाही. १९६१ च्या 'मानिनी' सिनेमात बहिणाबाईंची गाणी आली, त्यांना संगीत दिलं वसंत पवारांनी. पुढे यशवंत देवांच्या चाली आणि उत्तरा केळकरांचा आवाज घराघरात पोचला. मला ती गाणी अतिशय आवडतात, कोडिंग करताना लावतो मी. पण गंमत बघा, आपण 'बहिणाबाईंचं गाणं' म्हणून जे गुणगुणतो ते शब्द त्यांचे आणि सूर दुसऱ्याचे. गाणारी बाई आपल्याला कवयित्री म्हणून मिळाली. मोठाच फायदा, पण ट्रान्सफरमध्ये अर्धी फाइल आली.

हे सगळं सोपानदेवांवर टीका म्हणून लिहिलेलं नाही, कृपया कॉमेंटमध्ये तुटून पडू नका. त्यांच्याकडे टेपरेकॉर्डर नव्हता. वही आणि पेन ह्या हार्डवेअरवर जे जमण्यासारखं होतं ते त्यांनी केलं. माझा प्रश्न आपल्याबद्दल आहे, ज्यांच्या खिशात रेकॉर्डर आहे.

खिशात रेकॉर्डर नव्हता त्या काळातही पुण्यात दोन माणसांनी हे करून दाखवलं. फ्रान्समधून येऊन पुण्याचे झालेले गी प्वातवँ आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर. १९८०च्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या गटाने महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. हजारावर गावं, तीन हजारांहून जास्त बायका, एक लाखाहून जास्त ओव्या! आकडा पुन्हा वाचा. आणि नुसत्या ओव्या नाहीत, कुठली ओवी कुठल्या गावच्या कुठल्या बाईने म्हटली ह्याची नोंद. १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल आले आणि बऱ्याच बायकांचा आवाज ध्वनिमुद्रित झाला. हे बेल आपल्या जातीचे हं, संगणक आणि संगीत दोन्हींतले. तबल्याच्या कायद्यांचं व्याकरण मांडणारा 'बोल प्रोसेसर' नावाचा प्रोग्रॅम त्यांनी १९८०च्या दशकातच लिहिला होता. प्वातवँ २००४ साली गेले, राईरकर २०१० साली. पण बस फॅक्टर शून्य झाला नाही! २०१७ पासून 'पारी' ही पत्रकार पी. साईनाथांनी सुरू केलेली वेबसाइट त्या ओव्या आवाज, शब्द, भाषांतर आणि गाणाऱ्या बाईच्या नावासकट लोकांसमोर ठेवते आहे. केटी असावा तर असा.

ह्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे बाईचं नाव. जात्यावरची ओवी म्हणजे 'पारंपरिक', म्हणजे कुणाचीच नाही, अशी आपली सोयीस्कर समजूत. बहिणाबाई त्या समजुतीतून वाचल्या कारण वहीवर त्यांचं नाव होतं. अन्यथा त्यांच्या अर्ध्या ओळी आज 'खानदेशी लोकगीत' म्हणून फिरत असत्या.

आता जरा घरचं सांगतो. माझी आजी यावलकडची, वय त्र्याऐंशी. ओव्या येतात, लग्नातली गाणी येतात, आणि बऱ्याचशा अशा की आमच्या आईलासुद्धा माहीत नाहीत. गेल्या दिवाळीपासून आतेबहीण आणि मी मिळून त्या फोनवर रेकॉर्ड करतोय. आजीचं सुरुवातीला "आता हे लिवून काय करशीन रे?" असं होतं, आता ती स्वतःच आठवून फोन करते. आत्तापर्यंत चाळीसेक झाल्या.

रेकॉर्डिंग सोपं आहे. लिहून काढणं हा खरा राडा. आळशी माणूस असल्यामुळे मी पहिल्यांदा आवाजावरून मजकूर करून देणारं एक सॉफ्टवेअर वापरून बघितलं. बड्या कंपनीचं आहे, नाव नको, उगाच. पुण्या-मुंबईचं मराठी ते छान ऐकतं. आजी 'डोया' म्हणाली, त्याने 'डोळा' लिहिलं. 'शाया' चं 'शाळा'. एके ठिकाणी 'शाया' चं 'छाया' केलं आणि ओवी एकदम छायावादी झाली! जिथे त्याला काहीच कळलं नाही तिथे त्याने गप्प बसावं की नाही? नाही. तिथे त्याने स्वतःच्या मनाने एक शुद्ध, व्याकरणाला धरून, अर्थपूर्ण मराठी वाक्य ठोकून दिलं. आजी जे बोललीच नाही ते.

हसून सोडून देण्यासारखं वाटेल, पण हे कसं होतं ते आपल्याला माहीत आहे ना? मॉडेलने शिकताना जे मराठी पाहिलं ते छापील मराठी. त्याच्या लेखी 'डोया' हा शब्द नाही, 'डोळा' ची चूक आहे. मग ते चूक 'सुधारतं'. १८९० च्या अॅमहर्स्टवाल्या संपादकांइतक्याच चांगल्या हेतूने. फरक एवढाच, की त्या संपादकांनी एका बाईच्या कविता साफ केल्या, आणि हे यंत्र एका दमात आख्ख्या खानदेशाच्या आज्या साफ करू शकतं. ते साफ झालेलं लिखाण उद्या नेटवर जाणार, परवा पुढचं मॉडेल त्यावर शिकणार, आणि त्याला तर 'डोया' नावाची चूक होती हेसुद्धा कळणार नाही.

सोपानदेव आणि पितांबर चौधरींकडे जो एक निर्णय होता, की कानाला 'य' ऐकू आला तर हाताने 'य' लिहायचा, तो निर्णय आता आपल्याकडे आलाय. आपल्यापैकी काही जण ही सॉफ्टवेअर्स बनवतात. बाकीचे ती वापरतात. माझं मत विचाराल तर घरातली गाणी लिहिताना यंत्राचा आउटपुट कच्चा माल म्हणूनसुद्धा घेऊ नये, कारण एकदा डोळ्यांनी 'डोळा' वाचला की कानही 'डोळा' च ऐकायला लागतो. मी प्रयोग करून बघितलाय. हाताने लिहा. वेळ लागतो, दोन मिनिटांच्या ओवीला पाऊण तास लागतो. लागू दे. पाऊण तासाची वेब सिरीज बघतोच की आपण. ज्यांच्या कामाचा भाषेशी संबंध येतो त्यांनी तरी टीममध्ये एकदा हा विषय काढावा, की न कळलेल्या ठिकाणी सॉफ्टवेअरने मोकळी जागा सोडावी. नल परत करायला लाज कसली?

आणि मूळ ऑडिओ उडवू नका. फोनची मेमरी भरली की पहिली कुऱ्हाड लांबलचक ऑडिओ फाइल्सवर पडते, लग्नाचे आठशे फोटो राहतात.

आमची एक साधी स्प्रेडशीट आहे. ओवी, गाव, तारीख, कुणी म्हटली, आजीने ती कुणाकडून ऐकली, कुठल्या कामाच्या वेळी म्हणायची, आणि शेवटचा रकाना लिहून कुणी घेतली. 'कुणाकडून ऐकली' हा रकाना आधी नव्हता. आजीनेच सांगितलं, ही माझी नाही, ही माझ्या मोठ्या नणंदेची, तिचं नाव लाव. आता त्या शीटमध्ये आजीच्या आधीच्या पाच बायकांची नावं आहेत. त्यातल्या तिघींचा घरात एक फोटोसुद्धा नाही.

शेवटच्या रकान्यात आतेबहीण आणि मी. तिचे कान तिखट, मला बोली जास्त येते, त्यामुळे भांडणं होतात. सतराव्या ओवीत आजी एक शब्द म्हणते, तो बहिणीला एक ऐकू येतो, मला दुसरा. आजीला विचारलं तर ती प्रत्येक वेळी ओवी नव्याने म्हणून दाखवते आणि दर वेळी तिसरंच काहीतरी म्हणते. तिन्ही लिहून ठेवलेत.